वनस्पतीच्या गोळ्या आणि कर्करोगाचें औषध

कर्करोगाचे उपचार चालू असतां रुग्णाचें मन खचतें. अशा वेळीं युरोपांत सेंट जॉन्स वर्ट नांवाच्या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीच्या गोळ्या कित्येक जण आपण होऊनच घेतात. वनस्पतीपासून कसला अपाय, असा समज! २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या नेदरलंड्समधील प्रयोगांत इरिनोटिकन हें औषध घेणाऱ्या ५ रुग्णांना १८ दिवस या गोळ्या दिल्या, त्या वेळीं औषधापासून रक्तांत उतरणारा प्रभावी अंश ४२ टक्क्यांनीं घटला. वनस्पतीमुळें औषध मोडणारीं यकृतांतील द्रव्यें वाढतात. पांढऱ्या पेशींची घटहि कमी झाली. म्हणजे त्रास उणावला म्हणून घरचीं माणसें समाधान मानणार, आणि वस्तुतः औषधच उणें पडलेलें! ‘दुसरें औषध घेतां काय?’ असें डॉक्टरांनीं विचारल्यास रुग्ण ‘नाहीं’ म्हणतो; त्याच्या लेखीं तें औषधच नसतें. यास्तव तपासणीस जातांना बाटलीच बरोबर न्यावी.