भिंतीचा लोणा



आष्टीत एखाद्या विटांच्या घरावरून जाताना जोत्याच्या वर हात-दीड हात पांढरी पूड दिसते. तिला आपण लोणा म्हणतो. ती बुरशी नव्हे, चुनाही नव्हे. ते मीठ होय.

हे मीठ येते कोठून? विटेच्या मातीत, विहिरीच्या पाण्यात, सिमेंटात आणि जमिनीत क्षार असतात. आपली काळी जमीन पाणी फार दिवस धरून ठेवते. वात तेल ओढते, तशी वीट ते पाणी वर ओढते. ऊन लागले की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ते पृष्ठभागावर साचले तर नुसते डाग पडतात. विटेच्या छिद्रांत साचले तर त्याचे स्फटिक वाढून वीट आतून फोडतात. सोडियम सल्फेट तर पाणी धरून तिपटीहून अधिक फुगते. मग पोपडे सुटू लागतात.

आम्हीही येथे चुकलो. वडिलांनी बांधलेल्या घराला लोणा लागला, म्हणून आम्ही वरून सिमेंटचा गिलावा चढविला. दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. तिसऱ्यात गिलावा खाली आला, तो विटेचा पापुद्रा घेऊनच! ओल हातभर वर चढली होती. बाहेर पडण्याची वाट बुजविल्याने पाणी थांबत नाही. ते दुसरी वाट शोधते.

हे दुखणे केवळ आपल्या गावचे नाही. सिंधमधील मोहेंजोदडोचे उत्खनन 1922 साली सुरू झाले. चार हजारांहून अधिक वर्षांच्या त्या विटा उघड्या पडल्या आणि मिठाने त्यांचा भुगा होऊ लागला. तेथे भिंतींवर मातीचा लेप देतात. मीठ लेपात येते; लेप झडतो, वीट वाचते.

म्हणून आधी पाणी शोधावे. मोरीचे सांडपाणी, गळका नळ, पागोळ्या, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग, यांचा बंदोबस्त करावा. मग भिंत उन्हाळाभर सुकू द्यावी. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून गोळा करावा आणि दूर टाकावा; पाण्याने धुतल्यास तेच मीठ पुन्हा आत जाते. गिलावा करणेच झाले तर चुन्याचा करावा. तैलरंग लावू नये.

नवे घर बांधणाऱ्यांनी जोत्यावर ओल अडविणारा थर घालण्यात काटकसर करू नये. विटाही पारखून घ्याव्यात. बशीत बोटभर स्वच्छ पावसाचे पाणी घेऊन त्यात वीट उभी करावी. पाणी आटल्यावर पुन्हा एकदा तसेच करावे. निम्म्याहून अधिक वीट पांढरी झाली तर तो माल परत पाठवावा.

नव्या भिंतीवर पहिल्या वर्षी येणारा लोणा पुष्कळदा आपोआप ओसरतो. त्याला भिऊ नये. दरवर्षी त्याच जागी परतणाऱ्याची मात्र उपेक्षा करू नये. मृग लागण्यापूर्वी आपण आपल्या घराभोवती एकदा फेरी मारून पाणी कोठे मुरते ते पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.