नाकाचा आधार नाकातूनच



आपल्या शिवऱ्यापासून जवळच असलेल्या पुण्यात १७९३ च्या सुमारास कावसजी या इंग्रज सैन्यातील गाडीवानाचे नाक पुन्हा घडविले गेले. ते टिपूच्या कैदेत कापले गेले होते. विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्यासाठी कपाळाची त्वचा वापरली. ऑक्टोबर १७९४ मध्ये हे वृत्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाले.

त्वचेने नाकाला आच्छादन मिळते. आकार टिकण्यास मात्र कूर्चेचा आधार लागतो. आज तो बहुधा दोन नाकपुड्यांमधील पडद्यातूनच घेतला जातो. शल्यविशारद पडद्यावरील अस्तर अलगद सोडवून मधली कूर्चा काढतात. वरच्या व पुढच्या कडेची सुमारे १ सेंटिमीटर रुंद पट्टी मात्र जागीच राखतात. ही पट्टी म्हणजे घराचे आढे आणि मेढ. ती दुबळी झाली तर नाक खचते. काढलेल्या कूर्चेतून शेंड्याला टेकू देता येतो, अरुंद श्वासमार्ग रुंदावता येतो. ती रुग्णाचीच असल्याने शरीर तिला परके मानत नाही आणि कृत्रिम रोपणाचा खर्चही वाचतो.

पडद्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असल्यास कूर्चा अपुरी असू शकते. मग कानाची वा बरगडीची घ्यावी लागते. म्हणून आप्तांनी जुनी शस्त्रक्रिया, अपघात व श्वासाचा त्रास डॉक्टरांस आधीच सांगावा, ही नम्र विनंती. किती घ्यावे यापेक्षा किती राखावे, याची चिंता आम्ही अधिक वाहतो.