स्क्रीन पिवळी झाली, चष्मा राहून गेला



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोज नऊ-दहा तास स्क्रीनसमोर असतो, म्हणून स्क्रीनचं मला सगळं कळतं असं वाटायचं. हा गैरसमज माझ्या भाचीमुळे दूर झाला.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती सातवीत होती. घरात तीन भावंडं आणि फोन एक. तिचा नंबर रात्री लागायचा. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, असं ती सांगायची. मी फोनमध्ये निळा प्रकाश कमी करणारी सेटिंग लावून दिली. स्क्रीन पिवळी झाली, मामूचं काम संपलं.

शाळा उघडल्यावर कळलं, तिला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. शेजारच्या मुलीच्या वहीतून ती उतरवून घ्यायची.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच समजतो.

पहिली, थकवा. स्क्रीनकडे बघताना आपल्या पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी लवतात. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. फोन अगदी जवळ धरला की जवळचं दाखवणारा डोळ्यातला स्नायू सतत ताणलेला राहतो. उपाय फुकट आहे: दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांपलीकडे बघा. समोरच्या इमारतीची टाकी चालेल. लेक्चर शक्यतो टीव्हीवर लावा, नोट्स वहीत काढा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नका. 2023 मध्ये कोक्रेन संस्थेने 17 चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत या चष्म्याने थकवा कमी होत असल्याचं त्यांना दिसलं नाही.

दुसरी गोष्ट, नंबर. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा जास्त लांब झाला की लांबचं अंधुक दिसतं. हे विश्रांतीने जात नाही. त्याला चष्माच लागतो. मात्र लहानपणी दिवसाच्या उजेडात बाहेर राहिल्याने नंबर लागण्याची शक्यता कमी होते. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांसाठी रोज 120 मिनिटं बाहेर घालवण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो याचसाठी.

आता आपल्या मोहल्ल्याकडे बघा. मुलगे मैदानावर जातात. मुलींना गच्चीवर जायलाही कारण सांगावं लागतं. शाळेनंतर मुलगी घरात, आणि घरात फोन.

भाचीचा चष्मा आणखी वर्षभर लांबला. घरातली मोठी माणसं म्हणाली, “मुलीला चष्मा? उद्या स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं?” मी गप्प बसलो. चष्मा टाळल्याने नंबर उतरत नाही, फक्त पोरीचा अभ्यास मागे पडतो, हे मला तोवर माहीत होतं. तरी गप्प बसलो. त्या वर्षी ती गणितात मागे पडली.

पैशांची अडचण असेल तर शाळेत आणि सरकारी रुग्णालयात विचारा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. धाकट्या भावंडांना भिंतीवरच्या कॅलेंडरपासून लांब उभं करा. एक डोळा झाकून तारखा वाचायला सांगा, मग दुसरा. तुम्हाला दिसतं ते त्यांना दिसलं नाही, तर याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि मुलगी असेल, तर घरात तिच्या बाजूने बोला. मी वर्षभर बोललो नव्हतो.