ताफ्यासाठी रेडिओ निवडताना

मांडव्याहून चार-पाच छोट्या शिडाच्या होड्या निघणार आहेत, खांदेरीला वळसा घालून मुरूड गाठायचं आहे, असं समजा. रेडिओचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो : किती वॅटचा घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

सागरी व्हीएचएफ लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. त्यामुळे आवाज कुठवर पोचेल हे मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर ठरतं. वेगवेगळ्या होड्यांत बसलेल्या दोघांचे संच पाण्यापासून मीटरभर उंच असतील, तर हिशेबानं आठेक किलोमीटर मिळतात. लाटा उसळल्या की त्याहूनही कमी. मध्ये खांदेरीची टेकडी आली तर जवळची होडीसुद्धा ऐकू येईनाशी होते. तोच संच १६ मीटर उंच डोलकाठीवर अँटेना असलेल्या बोटीपर्यंत २० किलोमीटर पोचू शकतो. हातातल्या संचाला बहुधा ५-६ वॅट आणि १ वॅट असे टप्पे असतात. आपसात बोलायला १ वॅट पुरतो, बॅटरीही टिकते.

मग पाहायचं काय? ओल्या हातानं चॅनल बदलता येतो का, ते पाहा. बोलायचं बटण सहज दबणारं नको. लाइफ जॅकेटच्या खिशात ते दबून राहिलं, तर आसपासच्या कुणालाच त्या चॅनलवर नीट बोलता येत नाही. आणि ज्याचं दबलंय त्याला ऐकूच येत नसल्यानं त्याला पत्ताही नसतो! आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरणारा; त्याहून हलका घेऊ नका. तरंगणारा असला तरी जॅकेटला दोरीनं बांधा. माणूस पाण्यात पडला तर होडीत ठेवलेला संच होडीतच राहतो.

जीपीएस आणि डीएससी असलेल्या संचाचं लाल बटण दाबून धरलं की चॅनल ७० वरून आपली जागा टप्प्यातल्या डीएससी असलेल्या इतर बोटींना कळते. असा एकच परवडत असेल, तर तो म्होरक्याला न देता सगळ्यात मागच्या होडीला द्या. मागे पडणाऱ्याकडे वळून पाहणारं कुणी नसतं.

मोबाइल जरूर न्या, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ नंबर ठेवा. पण फोन एकालाच लागतो. चॅनल १६ वरची हाक टप्प्यातली प्रत्येक बोट ऐकते. म्हणूनच गप्पांसाठी १६ वापरू नका, ७२ सारखा चॅनल ठरवून घ्या. आपल्याकडे या संचांना परवाना लागतो, तोही वेळेत काढा.

आणि धक्का सोडण्याआधी प्रत्येक होडीनं ठरलेल्या चॅनलवर बोलून दाखवावं. ज्या होडीचा आवाज येत नाही, तिला त्या दिवशी धक्क्यावरच ठेवा.