कोणाचं खरं धरायचं?



संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्याच्या सगळ्या प्रांतांवरून एकदा नजर फिरवावी अशी रीत आहे. आष्टीच्या या संमेलनात ती मी बाजूला ठेवतो. माणसाला त्याच्याच डोळ्यांवर, त्याच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणं, बोलून बोलून त्याचं मन फिरवणं, हा एकच विषय मला मांडायचा आहे. आपल्या नाटकानं आणि कथा-कादंबरीनं तो कसा हाताळला, आणि परतूर, मंठा, घनसावंगीकडच्या लिहिणाऱ्यानं तो हातात का घ्यावा, एवढंच बोलेन.

पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज नाटककाराचं 'गॅस लाइट' हे नाटक 1938 सालचं. नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि बायकोला सांगतो, तूच कुठंतरी ठेवल्यास, तूच विसरलीस. तो चोरून वरच्या मजल्यावर दिवे लावतो तेव्हा खालचा दिवा मंद होतो. तिला ते दिसतं, पण आपल्याला दिसतंय यावरच तिचा भरवसा उरत नाही. 1944 च्या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमननं ही बायको उभी केली आणि तिला ऑस्कर मिळालं. तिथं एक बंद घर आहे, एक कावेबाज नवरा आहे. बाहेरून पोलिसातला एक माणूस येतो, तिचं ऐकून घेतो, आणि तिची सुटका होते.

आपल्याकडं बाहेरून कोणी येत नाही, कारण बाहेरचे सगळे आधीच आत येऊन बसलेले असतात. सासू, दीर, भावकी, शेजारीण, देवऋषी, कधी खुद्द माहेरची माणसं. एकट्याचं खोटं झुगारता येतं. घरातली सगळी माणसं रोज एकच गोष्ट सांगायला लागली, आणि तीही मायेनं, तर झुगारायचं कोणाला? आपल्या चांगल्या लेखकांनी हे फार नेमकं हेरलं आहे.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली 'रंगायन'नं रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारेबाई सुलभा देशपांडे. नाटक करणारी शहरातली मंडळी एका गावी आली आहेत, प्रयोगाला अवकाश आहे, तोवर वेळ घालवायला खोटा खटला खेळू म्हणतात. आरोपी त्यांच्यातलीच बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. सगळं हसतखेळत चालू आहे आणि हसता हसता तिचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येतं. ती हरकत घेते तेव्हा म्हणतात, अहो, हा खेळ आहे, एवढं मनाला का लावून घेता? ती हसण्यावारी नेते, तर तेच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतं. यातल्या सामंत या पात्राकडं मला आज तुमचं लक्ष वेधायचं आहे. तो त्याच गावचा साधा, सरळ माणूस. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभा करतात. सांगण्यासारखं काही नाही, म्हणून तो जवळच्या कादंबरीतला प्रसंग उचलून साक्ष देतो. आणि पुस्तकातलं ते उसनं खोटं बेणारेच्या आयुष्यावर नेमकं बसतं. सामंतच्या मनात कपट नाही. चार लोकांनी सांगितलं म्हणून तो बोलला. एखाद्या बाईला संपवायला कपटी माणसं लागतातच असं नाही, असे सामंत पुरे होतात, हे तेंडुलकरांनी त्या एका पात्रातून दाखवलं. आणि शेवटी कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. ती जे बोलते ते आपण प्रेक्षक ऐकतो, रंगमंचावरचं एकही माणूस ऐकत नाही. निकाल लागतो, गावकरी दारातून डोकावतात, आणि मंडळी पुन्हा पहिल्यासारखी गोड बोलू लागतात. हे गोड बोलणं मला निकालापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

याच्या पाच वर्षं आधी, 1962 साली, आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' आलं. माधव काझीच्या खऱ्या प्रकरणावरून लिहिलेलं हे नाटक. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर त्या भामट्याची सगळी सोंगं उभी केली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात उभा आहे. फसवल्या गेलेल्या बायका एकेक करून येतात, त्याला ओळखतात, आणि तो शांतपणे म्हणतो की तो माणूस मी नव्हेच. नाटक थोर आहे, पण त्याबद्दल माझी एक तक्रार आहे. लखोबाच्या हजरजबाबीपणावर आपण इतकी वर्षं टाळ्या वाजवत आलो. त्याचं नाव मराठी घराघरात माहीत आहे. त्या बायकांची नावं या मंडपात किती जणांना सांगता येतील? भामट्यानं त्यांना पिंजऱ्यासमोर फसवलं, आणि प्रेक्षागृहात तो आपल्यालाही स्वतःच्या बाजूला ओढून घेऊन गेला. चतुर बोलणाऱ्याचं खरं वाटतं, रडत बोलणाऱ्याचं वाटत नाही, ही आपली सवय आहे, आणि लेखकानं तिला हात घालायला हवा.

गोड बोलून माणूस संपवण्याची गोष्ट जी. ए. कुलकर्णींनीही लिहिली. त्यांच्या 'पिंगळावेळ' (1977) या संग्रहात 'स्वामी' नावाची कथा आहे. वाटेत अडकलेल्या एका प्रवाशाला मठात आसरा मिळतो. अगत्य, आदर, सुग्रास जेवण. मग त्याला कळतं की आता तोच इथला स्वामी आहे आणि त्याला बाहेर जाता येणार नाही. कोणी आवाज चढवत नाही, कोणी हात उगारत नाही. सगळे त्याच्याशी नम्रपणे बोलतात आणि त्याचं आयुष्य काढून घेतात. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी ती जरूर वाचावी.

आता आपल्या भागाकडं येतो. मराठवाड्यात भानामती ही वाचायची गोष्ट नव्हती, ती घराघरात घडणारी होती. घरावर दगड पडायचे, दांडीवरचे कपडे पेटायचे, अंगावर फुल्या उमटायच्या, बाया कुत्र्यासारख्या भुंकायच्या. सारा गाव ते डोळ्यांनी पाहायचा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन बसले, घरातल्या प्रत्येकाशी एकट्यानं बोलले, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच आढळलं: हे करणारं माणूस घरातलंच, बहुधा घुसमटलेली सून किंवा पोर, जिला दुसऱ्या कोणत्याही मार्गानं 'मला त्रास होतोय' म्हणता आलं नव्हतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कामात आयुष्य घातलं. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. लेखक म्हणून मला त्या खोलीत बसून ऐकणाऱ्या कार्यकर्त्याची पद्धत महत्त्वाची वाटते. तो त्या सुनेला खोटारडी म्हणत नव्हता आणि चमत्कारही मानत नव्हता. ती जे सांगत होती त्याच्या मागं काय आहे, ते शोधत होता.

मानवत इथून लांब नाही. 1972 ते 1974 या काळात तिथं जे खून झाले, त्यात बायका आणि लहान मुलीच अधिक होत्या. नरबळीच्या त्या दहशतीच्या आठवणी इथल्या जुन्या माणसांकडं अजून असतील. परतूर तालुका 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता, म्हणजे ती आपल्याच जिल्ह्यातली घटना. तिच्यावर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, अमोल पालेकरांनी 1981 मध्ये 'आक्रीत' हा चित्रपट केला. मुंबईच्या माणसांनी ती गोष्ट सांगितली. इथल्या बोलीत, त्या गल्लीतल्या एखाद्या आईच्या तोंडून ती अजून यायची आहे.

इथंच मला आजचा मुख्य मुद्दा सांगायचा आहे. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं 1961 मध्ये 'द रेटरिक ऑफ फिक्शन' या पुस्तकात एक कल्पना मांडली: कथा सांगणारा निवेदक प्रत्येक वेळी भरवशाचा असतोच असं नाही. वाचक त्याच्यावर विश्वास ठेवून सुरुवात करतो आणि हळूहळू त्याला कळतं की हा काहीतरी लपवतोय. ही युक्ती आता आपल्याकडचे तरुण लेखकही वापरतात आणि चांगली वापरतात. पण तिच्यात एक गृहीतक आहे. वाचक आधी विश्वास ठेवतो, हे ते गृहीतक. आपल्या समाजात काहींच्या शब्दावर तोंड उघडण्याआधीच अविश्वास असतो. विधवा, टाकलेली बायको, सालगडी, पालावरची बाई, ज्याला गावानं येडं ठरवलं तो. अशा माणसाला निवेदक करून त्याच्यावर शंका निर्माण करण्यात लेखकाचं कसब काय? ती शंका वाचक घरूनच घेऊन आलेला असतो. आपल्या लेखकाला उलटी वाट चालावी लागते. वाचकानं शंकेनं सुरुवात करावी आणि पानापानाला त्याला जाणवत जावं की खरं बोलणारी हीच होती, शहाणपणानं बोलणारे बाकीचे सगळे खोटे होते.

हे काम मराठीत नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 1890 च्या सुमारास 'करमणूक'मधून क्रमशः लिहायला घेतली, ती यमूच्या तोंडून. जिचं घरात कोणी ऐकत नाही तिला त्यांनी शेकडो पानं बोलू दिलं. शंकरमामंजींसारखा सोवळेपणाच्या आड सगळं घर मुठीत ठेवणारा माणूस आपल्याला दिसतो तो तिच्याच नजरेतून. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' 1971 ची. शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको आपल्या मराठवाडी बोलीत सांगते. तिला सगळं दिसतं, पण सगळ्याचा अर्थ लागत नाही, आणि तिला न लागलेला अर्थ वाचकाच्या काळजाला लागतो. बोराडे सरांनी बोलीला केवळ चव म्हणून वापरलं नाही. त्या बाईला जेवढं कळतं तेवढंच ती बोली बोलते, त्याच्या पुढं लेखक एक शब्दही घुसडत नाही. हा संयम फार अवघड आहे. आज बोलीत लिहिणारे पुष्कळ झाले आहेत, पण पात्राच्या तोंडून लेखकच भाषण करतो असं वारंवार दिसतं.

आणखी मागं जायचं तर थेट महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'पर्यंत जावं लागतं. म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडं जाऊन गोळा केल्या. पुढं मूळ पोथी हरवली, तेव्हा स्मरणातून पाठ उभे करताना अनुयायांनी हा पाठ हिराइसेचा, हा परशरामबासाचा, असे भेद नोंदवून ठेवले. श्रद्धेच्या माणसांनी, आपल्या देवाबद्दल लिहिताना, 'तिला असं आठवतं, त्याला तसं' हे पुसून टाकलं नाही. हिराइसा ही बाई, आणि तिची आठवण पुरुषांच्या आठवणीच्या बरोबरीनं ठेवली गेली. आपल्या गद्याचा आरंभ हा असा आहे. एकच घटना प्रत्येक जण वेगळी सांगतो हे दाखवणाऱ्या अकुतागावाच्या जपानी कथेचं आणि तिच्यावरच्या 'राशोमोन' चित्रपटाचं कौतुक मीही करतो. पण त्यासाठी आपल्याला जपानपर्यंत जायची गरज नव्हती.

माझ्या तरुण मित्रांनो, विषय शोधायला लांब जाऊ नका. कारखान्यांचं गाळप सुरू व्हायच्या आधी मुकादमाची उचल घेऊन याच भागातून ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या शेकडो बायकांनी ऐन तिशीत, कित्येकींनी त्याआधीच, गर्भपिशवी काढून टाकली. 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांना सांगितलं गेलं होतं की पिशवी राहिली तर कॅन्सर होईल. पाळीच्या दिवसात खाडा पडला की पैसे कापले जात, म्हणून घरच्यांनाही ते पटलं. आपल्याच शरीराबद्दल तिला जे जाणवत होतं त्याच्यावर कोणीतरी दुसरंच सांगून बसलं आणि तिनं सही केली. ही गोष्ट बातम्यांतून आली. कथेत ती यायला हवी, आणि 'मला काही होत नव्हतं' हे वाक्य तिच्या तोंडून यायला हवं.

दुसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणी सह्या करताना दिसतात. बहिणीला कोणी धमकावत नाही. भाऊबीजेला साडी येते, आई आजारी असल्याचं कळतं, वहिनी गळ्यात पडते. मग कोणीतरी म्हणतं, तुला वाटा मागायचाय असं कोणी म्हटलंच नाही, तुझ्या मनात हे आलंच कसं? आणि जिनं काहीच मागितलं नव्हतं ती आपल्याच मनात लोभ शोधू लागते.

मला विचाराल तर ही गोष्ट भावाच्या तोंडून लिहून पाहा. तो वाईट माणूस नाही. बहिणीवर त्याचा खरंच जीव आहे, आणि आपण काही चुकीचं केलं असं त्याला क्षणभरही वाटत नाही. तिला नेलं कोणत्या गाडीनं, वाटेत चहा कुठं पाजला, सही झाल्यावर तिनं काय म्हटलं, हे तो मोकळेपणानं सांगत जाईल. तिनं काहीच म्हटलं नव्हतं, हेही सांगेल, पण त्याचा अर्थ त्याला उमगणार नाही. त्याच्या एकाही वाक्यावर टीका करू नका. फक्त ती गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली होती, एवढं त्याच्याकडून वदवून घ्या, आणि पुढचं वाचकावर सोडा.

आज दुपारी कथाकथन आहे. वाचणाऱ्यांत इथल्याच शाळा-कॉलेजांतल्या मुली आहेत, असं संयोजकांनी सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे. तुम्हीही थांबा, ही विनंती.