पोटॅशियमची बाटली



माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक. तेव्हा औषधाविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे तुम्ही विचाराल. तो एका कामगाराच्या पायांनी दिला.

फौंड्रीतला आमचा एक सोबती. रक्तदाबासाठी तो लघवी वाढवणारी गोळी घेत असे. त्यात तीन दिवस जुलाब झाले. खाडा वाढला तर पगार कापतील, म्हणून चौथ्या दिवशी कामावर आला आणि साच्यापाशी पाय लटपटून खाली बसला. मुकादम म्हणाला, 'प्यायला आहे.' मी मुकादमाशी तासभर भांडलो. पण त्या तासात सोबत्याला दवाखान्यात न्यावे, हे मला सुचले नाही! ती चूक माझी. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम २.४ निघाले. ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते.

हे पोटॅशियम म्हणजे काय? लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या क्षारात दडलेला हा धातू १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने वेगळा केला. शरीरातले बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते, बाहेर रक्तात फार थोडे. या आत-बाहेरच्या फरकावर स्नायू चालतात, हृदयाचा ठोका पडतो. ते फार घटले की पाय गळतात, ठोकाही चुकतो.

उपाय साधा आहे: पोटॅशियम क्लोराइडचे पातळ औषध. चव वाईट, जेवणानंतर, भरपूर पाण्यात मिसळून, सावकाश घ्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे जुलाबावरच्या क्षारपुडीतही लिटरमागे दीड ग्रॅम हाच क्षार असतो.

परंतु बरे करणारी हीच बाटली मारूही शकते. आमचा सोबती बरा झाला आणि उरलेले औषध शेजारच्या आजोबांना द्यायला निघाला. त्यांचेही पाय गळत होते म्हणे! आजोबांची मूत्रपिंडे अधू. जादा पोटॅशियम बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. ते झाले नाही तर ते रक्तात साचते आणि हृदय बंद पडू शकते. मी बाटली काढून घेतली.

म्हणून मागणी दोनच. लघवीची गोळी चालू असेल त्याचे रक्त वेळोवेळी तपासले जावे आणि जुलाब झालेल्याला भरपगारी रजा मिळावी. आणि माणूस लटपटला तर आधी त्याची नाडी पाहा; तोंडाचा वास मागाहून घ्या.