‘मोशुलू’वरचें भोजन

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया हें शहर डेलावेअर नदीच्या कांठीं वसलेलें आहे. तेथें पेन्स लँडिंग नांवाच्या धक्क्याला लागून चार डोलकाठ्यांचें एक प्रचंड शिडाचें जहाज उभें असतें. संध्याकाळीं त्याच्यावर दिवे लागतात. गाड्यांतून उतरलेलीं माणसें त्यांत शिरतात, मेजांभोंवतीं बसतात, आणि कालवें, खेकडे, भाजलेलें मांस असे पदार्थ त्यांच्यापुढें येऊं लागतात. बाहेर नदीचें पाणी हलत असतें. उत्तरेच्या अंगाला १९२६ सालीं खुला झालेला बेंजामिन फ्रँकलिन पूल दिसतो. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाचें लग्न ठरलेलें असतें. जेवण संपतें, पैसे चुकते होतात, आणि पाहुणे घरोघर जातात. ज्या पोलादी उदरांत बसून हें जेवण झालें, त्या उदरानें एके काळीं काय काय वाहून नेलें, हा विचार त्यांच्यापैकीं थोड्यांच्याच मनांत येत असेल. परंतु तो विचार करण्यासारखा आहे.

‘मोशुलू’ हें या जहाजाचें आजचें नांव. त्याचा जन्म १९०४ सालचा. स्कॉटलंडमध्यें क्लाइड नदीवर पोर्ट ग्लासगो या गांवीं तें बांधलें गेलें. मालक हँबर्गचे जर्मन व्यापारी होते व त्यांनीं त्याचें नांव ‘कुर्ट’ ठेविलें. सुमारें चारशें फूट लांबीचें हें जहाज अंगानें पोलादी असलें तरी चालत असे केवळ वाऱ्यावर. वाफेच्या जहाजांनीं तोंवर जगाचा बहुतेक व्यापार काबीज केला होता. तथापि जेथें माल जड, भाडें थोडें आणि घाई मुळींच नाहीं, तेथें शिडाचें जहाज अजून टिकून होतें. जातांना कोळसा न्यावा व येतांना चिली देशांतील सोरा भरून आणावा, असा त्या काळच्या अशा जहाजांचा धंदा असे. तो सोरा युरोपांतील शेतांना खत म्हणून लागे आणि तोफांच्या दारूलाहि लागे. पनामाचा कालवा १९१४ पर्यंत खुला झालेला नव्हता. म्हणून अटलांटिकमधून पॅसिफिकमध्यें जाणाऱ्या जहाजाला दक्षिण अमेरिकेच्या टोंकास, केप हॉर्नला वळसा घालावा लागे, आणि तेथील वादळांनीं किती खलाशी गिळले याचा हिशेब समुद्रालाच ठाऊक.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां ‘कुर्ट’ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरिगॉन प्रांतांत होतें. बाहेर पडावें तर शत्रूच्या हातीं सांपडावें, म्हणून तें तेथेंच अडकून राहिलें. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरली आणि तिनें तें ताब्यांत घेतलें. प्रथम त्याला ‘ड्रेडनॉट’ म्हणजे ‘निर्भय’ असें नांव दिलें. पण त्या नांवाचें दुसरें जहाज आधींच नोंदलेलें निघालें. तेव्हां अध्यक्ष विल्सन यांच्या पत्नी ईडिथ विल्सन यांनीं ‘मोशुलू’ हें नांव सुचविलें. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं सेनेका लोकांच्या भाषेंतील हा शब्द असून त्याचाहि अर्थ ‘निर्भय’ असाच आहे, असें सांगतात.

युद्ध संपलें, वाफेचा जोर वाढला, आणि १९२८ सालापासून ‘मोशुलू’ बेकार पडून राहिलें. १९३५ सालीं तें अवघ्या बारा हजार डॉलरांना विकलें गेलें. घेणारा होता गुस्टाफ एरिक्सन. फिनलंडच्या सत्तेखालील ऑलंड बेटांतील मारीहाम्न गांवचा हा मालक जगानें टाकून दिलेलीं शिडाचीं जहाजें स्वस्तांत विकत घेई आणि त्यांवर पैसा मिळवी. त्याचा हिशेब साधा होता. वाऱ्याला पैसे पडत नाहींत. जहाजाचा विमा उतरावयाचा नाहीं. आणि खलाशांत शिकाऊ मुलगे पुष्कळ घ्यावयाचे, ज्यांचे पालक मुलाला शिकविण्याबद्दल उलट मालकालाच रक्कम देत. हीं जहाजें दक्षिण ऑस्ट्रेलियांतून गहूं आणीत. तेथील किनारा उथळ, बंदरें लहान. पोतीं छोट्या गलबतांतून आणून जहाजांत रचावीं लागत. त्यांत आठवडेच्या आठवडे जात. वाफेच्या जहाजाला एवढा खोळंबा परवडत नसे, शिडाच्या जहाजाला परवडे. शिवाय गहूं नासत नाहीं. तो वाटेंत असेपर्यंत जहाज हेंच त्याचें कोठार.

१९३८ सालच्या ऑक्टोबरांत बेलफास्ट बंदरांत अठरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा ‘मोशुलू’वर शिकाऊ म्हणून चढला. त्याचें नांव एरिक न्यूबी. पहिल्याच दिवशीं त्याला डोलकाठीवर चढावयाचा हुकूम झाला, आणि शहरांतील कचेरी सोडून आलेल्या त्या मुलानें तो पाळला. पुढें १९५६ सालीं त्यानें या सफरीवर पुस्तक लिहिलें. म्हणूनच या जहाजाचे ते दिवस आज इतके स्पष्ट दिसतात.

त्या दिवसांतील जेवण कसें होतें? शीतगृह नाहीं, ताजी भाजी बंदर सोडल्यावर थोड्याच दिवसांत संपलेली. खारवलेलें मांस, वाळलेले वाटाणे, दांतांना न जुमानणारीं कडक बिस्किटें, हेंच पुढच्या तीन महिन्यांचें ताट. रात्रीं-अपरात्रीं ओल्या कपड्यांनिशीं दीडशें फूट उंचीवर गोठलेलें शीड गुंडाळून उतरलेल्या मुलाची भूक केवढी असेल! आणि त्याच्या पायांखालीं, फळ्यांच्या पलीकडे, सुमारें पांच हजार टन गहूं पोत्यांत भरलेला असे. एका मोठ्या शहराला पुरेल एवढें अन्न ज्यांनीं पृथ्वीच्या पाठीवरून ओढून आणलें, त्यांच्या वांट्याला त्यांतला दाणाहि येत नसे. हमालाच्या डोक्यावरील साखरेचें पोतें त्याच्या मुलाचें तोंड गोड करीत नाहीं, तशांतलीच ही गोष्ट.

११ मार्च १९३९ रोजीं ‘मोशुलू’नें पोर्ट व्हिक्टोरिया सोडलें. केप हॉर्नला वळसा घालून १० जून रोजीं, म्हणजे एक्याण्णव दिवसांनीं, तें आयर्लंडच्या किनाऱ्यास क्वीन्सटाउनला पोंचलें. त्या वर्षीं गहूं घेऊन निघालेल्या शिडाच्या सर्व जहाजांत त्याची सफर सर्वांत कमी दिवसांत पुरी झाली. त्या शर्यतीला ना पंच, ना बक्षीस. मान मात्र मोठा. तेथून माल उतरविण्यासाठीं तें ग्लासगोला गेलें, म्हणजे ज्या क्लाइड नदीवर जन्मलें तेथेंच पस्तीस वर्षांनीं परत आलें. सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि ती शर्यत मोठ्या ताफ्याची शेवटचीच ठरली.

पुढची कथा उतरणीची आहे. १९४० सालीं जर्मनांनीं तें नॉर्वेंत पकडलें. १९४७ सालीं नॉर्वेच्या उत्तर भागांत तें किनाऱ्याला लागून कलंडलें. दुसऱ्या वर्षीं पुन्हां सरळ करण्यांत आलें. त्याचा सारा साज गेला, नुसतें शरीर उरलें. स्वीडन व नंतर फिनलंड येथें तें धान्याचें कोठार म्हणून पाण्यांत उभें राहिलें. १९७० सालीं एका अमेरिकन उपाहारगृहवाल्या मंडळीनें तें विकत घेतलें, हॉलंडमध्यें त्याच्यावर नव्या डोलकाठ्या उभ्या केल्या, आणि १९७० नंतरच्या त्याच दशकांत फिलाडेल्फियास त्यावर भोजनगृह सुरू झालें.

तेथेंहि त्याची परीक्षा संपली नाहीं. १९८९ सालीं आग लागून भोजनगृह बंद पडलें, तें १९९६ सालीं पुन्हां उघडलें. १८ मे २००० च्या रात्रीं, ज्या धक्क्याला तें बांधलें होतें त्याचाच एक भाग नदींत कोसळून तीन स्त्रिया मृत्यु पावल्या. जहाज बचावलें, पुढें त्याला आतांच्या जागीं आणण्यांत आलें. जुनी वस्तु वापरांत ठेवावयाची तर तिच्याइतकीच तिच्या आधाराची काळजी घ्यावी लागते, हा धडा त्या रात्रीनें जबर किंमत घेऊन शिकविला.

आतां प्रश्न असा कीं, अशा वीराला खानावळ करणें शोभतें काय? या प्रश्नाला दुसरी बाजू दाखविणारें एक भावंड आहे. एरिक्सनच्याच ताफ्यांतील ‘पोमर्न’ हें जहाज १९५३ सालीं मारीहाम्न नगराला देण्यांत आलें, आणि तेथें तें पूर्वीच्या रूपांत जपून ठेवलें आहे. ज्याला खरें जुनें जहाज पाहावयाचें आहे त्यानें तेथें जावें हें उघड आहे. ‘मोशुलू’च्या पोटांत आतां दालनें झालीं आहेत, गव्हाचीं पोतीं जेथें रचीत ती रिकामी, अंधारी गुहा येथें पाहावयास मिळणार नाहीं. हें नुकसान खरें आहे व तें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पण सर्वच जहाजांना ‘पोमर्न’सारखें गांव लाभत नाहीं. पाण्यांतील पोलाद रोज गंजतें. त्याला दरवर्षीं रंग लागतो, डागडुजी लागते, आणि त्यासाठीं पैसा लागतो. जहाज निकामी झालें कीं त्याची वाट बहुधा भंगाराच्या भट्टीकडेच जाते. ‘मोशुलू’ त्या वाटेवरून परत फिरलें तें जेवणाऱ्यांच्या पैशावर. त्याच्या मेजावर बसणारा प्रत्येक पाहुणा नकळत त्याच्या देहाला एक दिवसाचें आयुष्य देत असतो.

तेव्हां जेवणाऱ्याला लाजण्याचें कारण नाहीं. त्यानें फक्त एक करावें. पाव मोडतांना क्षणभर थांबावें आणि तो ज्या गव्हाचा झाला आहे तसला गहूं याच ठिकाणीं, याच पोलादाच्या आंत, भुकेल्या मुलांनीं केप हॉर्नच्या वादळांतून आणला होता, हें आठवावें. मग बाहेर आल्यावर मान वर करून त्या चार डोलकाठ्यांकडे एकदां पाहावें. जेवणाचे पैसे मेजावर चुकते होतात. हें दुसरें देणें असें फेडावें लागतें.